सुवाह्य दूरचित्रवाणी

सुवाह्य दूरचित्रवाणी : एका जागी पक्का न बसविता हातात, खिशात, पिशवीत किंवा वाहनात नेता येणाऱ्या आणि घटमालेवर चालणाऱ्या ग्राहीच्या साहाय्याने दूरचित्रवाणीचे चालू प्रक्षेपण त्याच क्षणी पाहण्याची व्यवस्था. आधी मुद्रित केलेली दृश्ये सोयीच्या वेळी पाहण्याची साधने या व्याख्येत येत नाहीत. घटना घडत असताना ती दूरच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचणे आणि त्या वेळी प्रेक्षक कोठेही असला, तरी त्याला ती पाहता येणे, या दोन्ही गोष्टी येथे अभिप्रेत आहेत.

या साधनांचा इतिहास सामान्यतः संच लहान होत गेल्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो खरा असला, तरी अपुरा आहे. संच कितीही हलका झाला, तरी त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या विद्युत् चुंबकीय तरंगांची तीव्रता, प्रक्षेपकाचे अंतर, विजेचा पुरवठा आणि पाहण्यासाठी पडणारा खर्च यांवरच त्याची उपयुक्तता ठरते. महानगरातील प्रेक्षकाला ही मर्यादा सहसा जाणवत नाही. विदर्भातील यवतमाळसारख्या विस्तीर्ण, डोंगराळ व विखुरलेल्या वस्तीच्या जिल्ह्यात मात्र ती स्पष्ट दिसते. म्हणून प्रस्तुत नोंदीत संचाच्या विकासाबरोबरच त्या जिल्ह्याच्या दृष्टीने सेवेच्या विकासाचाही विचार केला आहे.

तांत्रिक अडचणी : ट्रँझिस्टरच्या शोधानंतर रेडिओ ग्राही १९५० नंतरच्या दशकात खिशात मावण्याइतका लहान झाला. दूरचित्रवाणी ग्राहीच्या बाबतीत हे घडण्यास तीन अडचणी होत्या. पहिली अडचण चित्रनलिकेची होती. ऋण किरण नलिकेत इलेक्ट्रॉन शलाका पडद्यावर सर्वत्र फिरवावी लागते. त्यासाठी नलिकेची मान लांब ठेवावी लागते व शलाकेला गती देण्यासाठी हजारो व्होल्टचा दाब लागतो. पडदा लहान केला, तरी नलिकेची खोली त्या प्रमाणात कमी होत नाही. दुसरी अडचण शक्तीची होती. चौदा इंची कृष्णधवल संचाला सर्वसाधारणपणे ३० वॉटच्या आसपास शक्ती लागे. म्हणजे १२ व्होल्टच्या घटमालेतून सुमारे २·५ अँपिअर प्रवाह घ्यावा लागे. टॉर्चमध्ये वापरल्या जाणाऱ्या कोरड्या विद्युत् घटांना हा भार पेलणारा नव्हता.

तिसरी अडचण तरंगांची होती व तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले गेले. मध्यम तरंगांवरील रेडिओ प्रक्षेपण जमिनीच्या वक्रतेला अनुसरून दूरवर जाते आणि संचातच बसविलेल्या फेराइट दांडीवर ते पकडता येते. दूरचित्रवाणीचे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात. भारतात दूरचित्रवाणीसाठी प्रथम वापरल्या गेलेल्या ४७ ते ६८ मेगॅहर्ट्झ या पट्ट्यात तरंगलांबी सुमारे ४·५ ते ६·५ मी. आणि १७४ ते २३० मेगॅहर्ट्झ या पट्ट्यात सुमारे १·३ ते १·७ मी. असते. ग्रहणासाठी लागणारा आकाशक, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘अँटेना’, तरंगलांबीच्या निम्म्या किंवा निदान पाव लांबीचा असावा लागतो. खालच्या पट्ट्यासाठी पाव लांबीची दांडी एक मीटरहून अधिक भरते. खिशातील संचाला एवढी दांडी लावणे अडचणीचे होते आणि आखूड दांडी लावली, तर चित्रात ठिपक्यांचा वर्षाव होई.

आकाशकाच्या उंचीचाही प्रश्न होता. वातावरणातील वक्रीभवन जमेस धरल्यास, दृष्टिरेषेचे किमी. मधील अंतर हे आकाशकाच्या मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला ४·१२ ने गुणून काढता येते. सपाट प्रदेशात प्रक्षेपकाचा मनोरा १५० मी. उंच असेल, तर त्याची दृष्टिरेषा सुमारे ५० किमी. पर्यंत पोहोचते. घराच्या छपरावर नऊ मीटर उंचीवर लावलेला आकाशक तीत सुमारे १२ किमी. ची भर घालतो. हातातील संच फार तर चार-पाच किमी. ची. शिवाय उंचीबरोबर संकेताची तीव्रताही वाढते. म्हणून ज्या गावात छपरावरील आकाशकाने बरे चित्र दिसते, त्याच गावात हातातील संच निरुपयोगी ठरू शकतो.

परदेशांतील विकास : अमेरिकेतील फिल्को कंपनीने १९५९ मध्ये ‘सफारी’ हा घटमालेवर चालणारा ट्रँझिस्टर संच बाजारात आणला. त्यातील चित्रनलिका केवळ दोन इंची असून तिच्यावरील चित्र आरसा व भिंग यांच्या साहाय्याने मोठे करून पाहावे लागे. जपानच्या सोनी कंपनीने १९६० मध्ये आठ इंची पडद्याचा संच तयार केला. त्यात चित्र सरळ पडद्यावरच दिसत असे. याच कंपनीने १९६२ मध्ये पाच इंची संच विक्रीस आणला. पॅनासॉनिक कंपनीने १९७० मध्ये दीड इंची पडद्याचा संच बनविला. ब्रिटनमधील सिंक्लेअर कंपनीच्या ‘मायक्रोव्हिजन’ या १९७७ मधील दोन इंची संचात निरनिराळ्या देशांच्या प्रमाणकांना अनुरूप असे मंडल होते. कारण प्रवासी एका देशातून दुसऱ्या देशात गेला, की त्याचा नेहमीचा संच आंधळा होत असे.

लांब मानेच्या नलिकेची अडचण सोनी कंपनीने १९८२ मध्ये ‘वॉचमन’ या संचात वेगळ्या रीतीने सोडविली. त्यात इलेक्ट्रॉन शलाका पडद्याच्या मागून न येता त्याच्या जवळजवळ समांतर दिशेने येऊन पडद्यावर वळविली जाई. त्यामुळे नलिका चपटी झाली व संच तळहातावर राहू लागला. त्याच वर्षी सेइको कंपनीने मनगटी घड्याळात द्रव स्फटिकाचा लहान पडदा बसविला. तथापि त्याचा ग्राही वेगळा असून तो खिशात ठेवून तारेने घड्याळाला जोडावा लागे. कॅसिओने १९८३ मध्ये द्रव स्फटिकाच्या पडद्याचा कृष्णधवल खिसासंच व एप्सनने १९८४ मध्ये दोन इंची रंगीत खिसासंच विक्रीस आणला. द्रव स्फटिकाला उच्च दाब लागत नाही व शक्तीही थोडी लागते. त्यामुळे वर सांगितलेल्या तीन अडचणींपैकी पहिल्या दोन येथे बव्हंशी दूर झाल्या. तिसरी मात्र कायम राहिली.

भारतातील पार्श्वभूमी : भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे झाला. म्हणजे फिल्कोचा घटमालेवरील संच आणि भारतातील पहिले प्रक्षेपण हे एकाच वर्षाचे आहेत. महाराष्ट्रात मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या वेळी यवतमाळ जिल्ह्यातील पुसदजवळच्या गहुली गावचे वसंतराव नाईक हे राज्याचे मुख्यमंत्री होते. शेतकऱ्यांसाठी असलेला मुंबई केंद्राचा ‘आमची माती, आमची माणसं’ हा कार्यक्रम पुढे लोकप्रिय झाला. परंतु मुख्यमंत्र्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यातील कापूस उत्पादकांना तो पाहता येण्याची सोय त्या काळी नव्हती. मुंबईनंतर १९७३ मध्ये पुण्याला सहक्षेपणाची सोय झाली. विदर्भ मात्र दीर्घ काळ दूरचित्रवाणीच्या कक्षेबाहेर राहिला.

ग्रामीण भागासाठी १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग करण्यात आला. अमेरिकेच्या ‘एटीएस–६’ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत सामुदायिक संच बसविण्यात आले. आंध्र प्रदेश, ओरिसा, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान ही ती राज्ये होत. महाराष्ट्राचा त्यांत समावेश नव्हता. या प्रयोगातील संच सुवाह्य नव्हते. त्यांना सुमारे तीन मीटर व्यासाचा जाळीचा आकाशक लागे. तथापि प्रक्षेपकाचा मनोरा नसलेल्या गावातही दूरचित्रवाणी पोहोचू शकते आणि एका संचासमोर सारे गाव बसू शकते, हे त्याने दाखवून दिले.

आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, १९८२ मध्ये, १५ ऑगस्टपासून राष्ट्रीय कार्यक्रम व रंगीत प्रक्षेपण यांचा प्रारंभ झाला. इन्सॅट–१बी हा उपग्रह १९८३ मध्ये अवकाशात सोडण्यात आल्यानंतर दिल्लीचे कार्यक्रम देशभरच्या लघुशक्ती प्रक्षेपकांना पुरविणे शक्य झाले. १९८४ मध्ये असे प्रक्षेपक काही महिने सरासरीने दिवसाला एक या गतीने उभारण्यात आले. त्यांची शक्ती बहुधा १०० वॉट असून त्यांचा उपयोग शहर व त्याच्या भोवतालच्या थोड्या गावांना होई. सुरुवातीला त्यांवरून मुख्यतः दिल्लीचाच कार्यक्रम दाखविला जाई. मराठी कार्यक्रमांची नियमित सोय त्यानंतरची आहे. दूरचित्रवाणी संचासाठी टपाल कार्यालयातून घ्यावा लागणारा परवाना व त्याचे शुल्क ही पद्धत १९८५ मध्ये रद्द झाली. त्यानंतर संच विकत घेणे एवढाच प्रेक्षकाचा खर्च राहिला. प्रक्षेपण विनामूल्य झाले.

यवतमाळ जिल्ह्यातील स्थिती : या जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौ. किमी. असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७,७२,३४८ होती. जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. यवतमाळ शहर अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या पठारी भागात समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मी. उंचीवर वसले आहे. ईशान्येस वर्धा व दक्षिणेस पैनगंगा या नद्यांची खोरी त्यामानाने सखल आहेत. पुसद, दिग्रस, महागाव या भागांत बंजारा समाजाचे तांडे आणि केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या भागांत कोलामांचे पोड डोंगरकुशीत विखुरलेले आहेत. नागपूर हे यवतमाळपासून सरळ रेषेत सुमारे १३० किमी. दूर आहे, तर उमरखेड त्याहूनही सुमारे १०० किमी. पलीकडे. वर दिलेल्या सूत्रावरून पाहता, नागपूरच्या प्रक्षेपणावर या जिल्ह्याला अवलंबून राहता येणार नाही हे उघड आहे. लघुशक्ती प्रक्षेपकामुळे शहराची सोय होते. मधल्या टेकडीच्या आड वसलेल्या तांड्याची होतेच असे नाही.

त्यामुळे परदेशी जाहिरातींतील खिसासंच येथे व्यवहारात निरुपयोगी होता. अमेरिका व जपान येथे चित्राच्या ५२५ रेषांचे, तर भारतात ६२५ रेषांचे प्रमाणक होते. म्हणून तिकडून आणलेला संच फेरफार केल्याविना चालत नसे. भारतीय प्रमाणकाचा संच मिळाला, तरी आखूड दांडीवर तो शहराबाहेर फारसा उपयोगी पडत नसे. खेड्यात दूरचित्रवाणी म्हणजे बांबूला किंवा लोखंडी नळीला बांधलेला, प्रक्षेपकाच्या दिशेने वळविलेला आकाशक आणि त्याला तारेने जोडलेला संच असे. वाऱ्याने आकाशक फिरला, की एकाने छपरावर चढून तो वळवायचा व दुसऱ्याने आतून चित्र आले की नाही ते ओरडून सांगायचे, हा त्या काळातील घरोघरचा अनुभव होय.

तथापि एका अर्थाने सुवाह्य संच खेड्यांत आला. चौदा इंची कृष्णधवल संचांपैकी काहींना १२ व्होल्टच्या घटमालेवर चालण्याची सोय होती. मूठ धरून उचलता येणारा असा संच ‘पोर्टेबल’ या नावाने विकला जाई. ग्रामीण भागात त्याचे महत्त्व हिंडता-फिरता पाहण्यासाठी नव्हते. वीज नसताना पाहण्यासाठी होते. रामायण (जानेवारी १९८७ ते जुलै १९८८) व महाभारत (ऑक्टोबर १९८८ ते जून १९९०) या मालिका रविवारी सकाळी दाखविल्या जात. त्या काळात ट्रॅक्टरची वा मोटारीची घटमाला काढून तिच्यावर संच लावण्याची युक्ती देशाच्या अनेक भागांत रूढ झाली. ४० अँपिअर-तास क्षमतेची घटमाला ३० वॉटच्या संचाला हिशेबाने सोळा तास व प्रत्यक्षात त्याहून काही कमी वेळ पुरते. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्याच्या ग्रामीण भागात दिवसाला अनेक तासांचे भारनियमन होऊ लागले, तेव्हा या युक्तीची पुन्हा आठवण झाली.

शेतात सोबत जाणारे साधन मात्र ट्रँझिस्टर रेडिओच राहिले. कापूस वेचणीच्या वेळी झाडाला टांगलेला किंवा रात्री रानडुकरांपासून पीक राखताना जागलीच्या मचाणावर ठेवलेला रेडिओ दोन-चार घटांवर अनेक दिवस चाले. त्याला आकाशक उभारावा लागत नसे व ऐकताना हात-डोळे कामाला मोकळे राहत. दूरचित्रवाणीच्या सुवाह्यतेची तुलना करावयाची, तर ती या साधनाशी केली पाहिजे. सुमारे चार दशके ती या कसोटीला उतरली नाही.

उपग्रह ग्राही : दूरदर्शनची थेट घरी पोहोचणारी विनाशुल्क उपग्रह सेवा १६ डिसेंबर २००४ रोजी सुरू झाली. ती पुढे ‘डीडी फ्री डिश’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिने टेकडीआडच्या गावांचा प्रश्न बव्हंशी सोडविला. कारण उपग्रह आकाशात उंच असल्याने प्रक्षेपकाच्या मनोऱ्याची दृष्टिरेषा आड येत नाही. एकदा थाळी व ग्राही घेतला, की मासिक वर्गणी द्यावी लागत नाही. कामासाठी स्थलांतर करणारे कुटुंब ही थाळी सोबत नेऊन नव्या जागी लावू शकते. मात्र ती उपग्रहाच्या दिशेने अचूक रोखावी लागते. त्यामुळे या व्यवस्थेचे बिऱ्हाड हलविता येते, परंतु चालता-चालता तिचा उपयोग करता येत नाही.

अंकीय प्रक्षेपण : सदृश पद्धतीच्या प्रक्षेपणात चालत्या वाहनातील ग्राहीवर चित्र थरथरते, कारण इमारती व टेकड्या यांवरून परावर्तित झालेले तरंग मूळ तरंगांत मिसळतात. अंकीय पद्धतीत संकेत अनेक उपवाहकांवर विभागून पाठविता येतो व त्रुटी दुरुस्त करण्याची सोय ठेवता येते. त्यामुळे हातातील साधनासाठी वेगळे प्रक्षेपण करणे शक्य झाले. दक्षिण कोरियात २००५ मध्ये व जपानमध्ये १ एप्रिल २००६ पासून अशी विनाशुल्क भूस्थित सेवा सुरू झाली. जपानी सेवेत एका वाहिनीच्या तेरा खंडांपैकी एक खंड हातातील ग्राहींसाठी राखून ठेवलेला असल्याने ती ‘वन-सेग’ म्हणून ओळखली जाते. इटली, फिनलंड व अमेरिका येथे २००६-०७ मध्ये अशाच सेवा निघाल्या, पण त्या टिकल्या नाहीत. अमेरिकेतील सशुल्क सेवा २०११ मध्ये बंद झाली. जेथे प्रक्षेपण विनामूल्य होते व ग्राही फोनमध्येच बसविलेला होता, तेथे सेवा रुजली. जेथे वेगळी वर्गणी व वेगळे साधन लागे, तेथे ती रुजली नाही, असे सामान्यतः दिसून येते.

भारतात दूरदर्शनने २००७ मध्ये दिल्ली येथे भ्रमणध्वनीसाठी प्रायोगिक अंकीय प्रक्षेपण केले. त्याच सुमारास व त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत ओढून लांब करावयाच्या दांडीचे, सदृश प्रक्षेपण पकडणारे चिनी बनावटीचे स्वस्त फोन बाजारात आले. त्यांवर प्रक्षेपकाच्या जवळपास दूरदर्शन दिसे. दूर गेल्यावर चित्र नाहीसे होई. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने देशातील सोळा शहरांत फोन, टॅबलेट व वाहनांतील ग्राहींवर पाहता येणारी अंकीय भूस्थित सेवा सुरू केली. त्यासाठी फोनला एक छोटा जोडग्राही लावावा लागे. या सोळांपैकी महाराष्ट्रातील शहरे मुंबई व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) ही दोनच होती. विदर्भातील एकाही शहराचा त्यांत समावेश नव्हता.

दरम्यान सदृश भूस्थित प्रक्षेपक बंद करण्याचे धोरण प्रसार भारतीने अंमलात आणले. मार्च २०२२ पर्यंत मोक्याच्या जागांवरील सुमारे ५० प्रक्षेपक वगळता उरलेले सर्व बंद करण्याचे ठरविण्यात आले. या प्रक्षेपकांचे प्रेक्षक घटले होते, त्यांचा देखभालीचा खर्च मोठा होता आणि त्यांनी अडविलेल्या कंप्रता इतर सेवांना हव्या होत्या, ही त्यामागची कारणे होती. ती सबळ असली, तरी या निर्णयाने एक युग संपले. दांडीचा अँटेना ओढून, कोणाला काही न देता, चित्र पकडण्याची सोय बहुतेक जिल्ह्यांत उरली नाही.

भ्रमणध्वनी : सुवाह्य दूरचित्रवाणी सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली ती वेगळ्याच वाटेने. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची चौथ्या पिढीची भ्रमणध्वनी सेवा सुरू झाली. त्यानंतरच्या स्पर्धेत माहिती-वहनाचे दर झपाट्याने उतरले. दूरचित्रवाणी वाहिन्या फोनवर थेट पाहण्याची सोय झाली. खिसासंचाच्या निर्मात्यांना चाळीस वर्षांत जे साधले नव्हते, ते मुख्यतः बोलण्यासाठी घेतलेल्या साधनाने साधले. सेकंदाला लाखो द्विमान अंक वाहून नेण्याची क्षमता, सपाट पडदा व हलकी लिथियम घटमाला या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आल्या. क्रिकेटचा सामना, विधानसभेच्या निकालाचा दिवस किंवा पंढरीच्या वारीचे दृश्य शेताच्या बांधावर, एस. टी. च्या थांब्यावर अथवा जिनिंगच्या आवारात पाहणे ही विशेष गोष्ट राहिली नाही.

परंतु ही सेवा प्रक्षेपण या संज्ञेत बसत नाही, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. प्रक्षेपणात एकच संकेत सर्वांसाठी पाठविला जातो. प्रेक्षक एक असो वा एक लाख, प्रक्षेपकाला त्याचा भार जाणवत नाही. भ्रमणध्वनीवर बहुधा प्रत्येक प्रेक्षकासाठी स्वतंत्र प्रवाह पाठवावा लागतो. एका मनोऱ्याखाली शंभर जण एकच सामना पाहत असतील, तर शंभर प्रवाह लागतात व मनोऱ्याची क्षमता त्यांत वाटली जाते. म्हणून ज्या क्षणी सर्वांना एकच दृश्य पाहावयाचे असते, नेमक्या त्याच क्षणी चित्र अडखळते. शिवाय मधल्या साठवणीमुळे ते काही सेकंद ते अर्धा मिनिट मागे राहते. शेजारच्या घरातील उपग्रह ग्राहीवर फलंदाज बाद झाल्याचा गलबला ऐकू येतो, तेव्हा फोनवर गोलंदाज अजून धावतच असतो.

खर्चाचे स्वरूपही बदलले. सेकंदाला १ मेगॅबिट या मध्यम दर्जाच्या चित्रासाठी तासाला सुमारे ४५० मेगॅबाइट माहिती खर्च होते. म्हणजे दिवसाला एक गिगॅबाइटची मर्यादा दोन-सव्वादोन तासांत संपते. पूर्वी सामुदायिक संचाचा किंवा घरच्या संचाचा खर्च एकदाच होई व सारे कुटुंब, कित्येकदा सारी आळी, त्याचा लाभ घेई. भ्रमणध्वनीवर प्रत्येक जण स्वतःचे देणे देऊन स्वतःपुरते पाहतो. पंचवीस-तीस दिवसांनी पुन्हा पैसे भरले नाहीत, तर पडदा रिकामा राहतो. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

आपत्तिकालीन महत्त्व : जुलै २०२३ मधील अतिवृष्टीत यवतमाळ जिल्ह्यात मोठी हानी झाली. महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पुराने वेढले व तेथे अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची मदत मागवावी लागली. अशा प्रसंगी सर्वांना एकाच वेळी एकच सूचना, तीही चित्रासह, पोहोचविण्याचे साधन हाताशी असणे महत्त्वाचे ठरते. पुरात वा वादळात वीज जाते. भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांच्या राखीव घटमाला काही तासांत संपतात. उरलेल्या मनोऱ्यांवर संभाषणांची गर्दी होते. छपरावरील थाळी विजेविना निरुपयोगी ठरते. दूरच्या उच्चशक्ती प्रक्षेपकाला स्वतःचे जनित्र असते आणि फोनच्या घटमालेवर त्याचे प्रक्षेपण पकडता आले, तर गावातील वीज जाण्याने त्यात खंड पडत नाही. जपानने आपल्या विनाशुल्क सेवेला भूकंप व त्सुनामी यांच्या इशाऱ्यांची जोड दिली, ती याच विचाराने.

थेट फोनवर प्रक्षेपण : माहितीच्या जोडणीविना व सिमकार्डाविना फोनवर थेट प्रक्षेपण पकडण्याची ‘डायरेक्ट टू मोबाइल’ ही पद्धत भारतात विकसित करण्यात येत आहे. या कामी कानपूरची भारतीय तंत्रविज्ञान संस्था व बंगळुरूची सांख्य लॅब्ज यांनी पुढाकार घेतला असून प्रसार भारतीच्या सहकार्याने बंगळुरू, दिल्ली व नोएडा येथे चाचण्या झाल्या. जानेवारी २०२४ मध्ये एकोणीस शहरांत चाचण्या घेण्याचा मानस केंद्रीय माहिती व प्रसारण सचिवांनी जाहीर केला. या पद्धतीसाठी ४७० मेगॅहर्ट्झच्या पुढील पट्टा विचारात आहे. तेथे तरंगलांबी सुमारे ६४ सेंमी. किंवा त्याहून कमी असते व पाव लांबीचा आकाशक १६ सेंमी. च्या आत बसतो. खिसासंचाला जी तिसरी अडचण नडली होती, ती येथे बरीच सौम्य होते. फोनमध्ये त्यासाठी वेगळी चकती बसवावी लागते. तिचा खर्च कोणी सोसावयाचा आणि प्रक्षेपणासाठी या कंप्रता राखून ठेवाव्यात की भ्रमणध्वनी कंपन्यांना द्याव्यात, हे प्रश्न वादाचे आहेत.

मूल्यमापन : सुवाह्य दूरचित्रवाणीच्या सहा दशकांहून अधिक काळच्या इतिहासात संचाने आपली प्रत्येक अडचण क्रमाक्रमाने पार केली. सेवेच्या बाबतीत मात्र एक क्रम पुनःपुन्हा आढळतो. नवी सोय प्रथम महानगरांत येते. दूरच्या जिल्ह्यात ती पोहोचण्यापूर्वीच कित्येकदा कालबाह्य होते व तिच्या जागी पुढची सोय पुन्हा महानगरांतच सुरू होते. १९८२ चा चपटा संच, २००७ चे प्रायोगिक प्रक्षेपण आणि २०१६ ची सोळा शहरांची सेवा या तिन्ही यवतमाळच्या दृष्टीने न आलेल्या पाहुण्यांसारख्या होत. जे तेथे प्रत्यक्ष पोहोचले, ते घटमालेवरील कृष्णधवल संच, विनाशुल्क उपग्रह थाळी आणि भ्रमणध्वनी. यांपैकी पहिल्या दोहोंत प्रक्षेपण सर्वांसाठी मोफत होते, पण प्रेक्षक एका जागी बांधलेला होता. तिसऱ्यात प्रेक्षक मोकळा झाला, पण प्रक्षेपण मोजून विकले जाऊ लागले. सर्वांसाठी खुले आणि तरीही सोबत नेता येणारे, या दोन्ही गुणांचा मेळ रेडिओने फार पूर्वी घातला होता. दूरचित्रवाणीत तो मेळ बसावयाचा असेल, तर चाचणीसाठी निवडलेल्या शहरांइतकाच पैनगंगेच्या काठचा तांडाही प्रक्षेपकाच्या कक्षेत धरावा लागेल.